टाकीचं झाकण

वाचकहो, माझा विषय पिकांचा. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो आणि पुढची सारी नोकरी अमरावती जिल्ह्यातल्या गावागावांत बोंडअळी, संत्र्यावरची कोळशी, डिंक्या आणि तुरीवरचा मर रोग यांविषयी सांगण्यात गेली. तेव्हा ट्रकच्या डिझेल टाकीच्या झाकणावर हा माणूस काय लिहिणार, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. पण त्या झाकणापायी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरचा गाडीभर संत्रा नासला, आणि झाकणाला हात लावणारा मी होतो. आज आपल्याकडे घरटी ट्रॅक्टर आला आहे. कुणाचा मुलगा ट्रकवर आहे, कुणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे. म्हणून जे माझ्या हातून झालं ते सांगून टाकतो.

ताईचं घर वरूड तालुक्यात. सहा एकरांचा संत्र्याचा बगीचा. भाच्यानं २०२० च्या दिवाळीला एक जुना दहा चाकी ट्रक घेतला. काही पैसा कर्जाचा, आणि कमी पडला तिथं ताईच्या पाटल्या मोडल्या. गावचा माल आपल्याच गाडीनं दिल्लीच्या बाजारात न्यावा, भाडं घरात राहावं, असा हिशेब होता आणि तो काही चुकीचा नव्हता.

२०२२ च्या मार्चमध्ये मृग बहाराचा माल निघत होता. मी दोन दिवस ताईकडे गेलो होतो. गाडी अंगणात उभी. भाचा टाकीजवळ वाकून फडक्यानं काहीतरी पुसत होता. मी विचारलं तसं म्हणाला, “मामाजी, टाकीतून डिझेल सांडून राह्यलं. फुल केली का झाकणापासून वघळ येते पाहा. एवढं महागाचं डिझेल जी, रस्त्यावर चाललं.”

मी वाकून पाहिलं. झाकणाच्या मध्यावर एक बारीक भोक होतं आणि त्याच्या भोवती ओल होती. धूळ बसून तिथं काळा चिकटा झाला होता. मला वाटलं, सापडलं मूळ. शिकलेल्या माणसाचा हाच दोष असतो, कारण दिसलं की त्याला तेच खरं वाटतं. मी म्हटलं, “अरे, हे भोकच बुजवून टाक. इथूनच सांडते आणि इथूनच धूळही आत जात असेल.” दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून लावायची ती सील घरात होतीच. मी स्वतः मळली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. झाकणाखालची रबरी वायसर चपटी झालेली दिसली म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोल कापून तोही घातला. झाकण असं घट्ट बसलं की पिळायला दोन हात लागले. भाचा खूश झाला. आमच्या सौ. तेवढ्या ओसरीतून म्हणाल्या, “तुमाले काय समजते त्यातलं? मिस्त्रीले दाखवा ना.” त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

त्याच संध्याकाळी गाडी भरली. ताईचा माल होताच, शिवाय शेजारच्या दोन घरांचाही होता. तणस घालून संत्रा रचला, वर ताडपत्री ओढली. वरूडच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली. एक थेंब सांडला नाही. भाच्यानं मला फोन करून तेवढं मुद्दाम सांगितलं.

पांढुर्ण्यापुढं सातपुड्याचा चढ लागतो. तिथं गाडीचा दम तुटायला लागला. ॲक्सिलेटर दाबला तरी उठेना, मग धडधड करून बंद पडली. ड्रायव्हर उतरला, फिल्टरजवळचा हातपंप मारून हवा काढली. भाच्याला शंका आली की वाटेत चहाला थांबलो तेवढ्यात कुणी डिझेल काढलं की काय, म्हणून त्यानं झाकण उघडून काडी बुडवून पाहिली. डिझेल भरपूर होतं. झाकण लावलं, गाडी सुरू झाली आणि चांगली चालली. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर पुन्हा तोच प्रकार. पुन्हा हातपंप, पुन्हा काडी, पुन्हा गाडी सुरू. मुलताईपर्यंत असं तीनदा झालं. दोघांचीही खात्री पटली की कुठूनतरी लाइनमध्ये हवा धरते आहे आणि हातपंप मारल्यानं ती निघते आहे. झाकण उघडल्यानं गाडी चालते आहे, हे कुणाच्या डोक्यात येणार?

रात्री दोन वाजता मला फोन आला. मी झोपेतच सल्ला दिला, “फिल्टर चोंदले असतील, बदलून घे.” बैतूलला दोन्ही फिल्टर बदलले. एका गॅरेजवाल्यानं फीड पंप उघडून साफ केला. तरी चार-पाच किलोमीटरवर गाडी थांबलीच, ओढून परत आणावी लागली. मग तो म्हणाला, मोठा पंप काढून दुकानात द्यावा लागेल, पण आज रविवार, दुकान उद्या उघडेल. दिवसभर मार्चच्या उन्हात ताडपत्रीखाली संत्रा तापत राहिला. संत्रा तोडल्यावरही जिवंत असतो. त्याचा श्वास चालू असतो आणि त्यातून ऊब सुटते. गाडी चालती असली की वारा लागतो, थांबली की खालचे थर उकडतात. हे मी शेतकऱ्यांना किती वेळा सांगितलं असेल!

सोमवारी दुपारी पंप काढायला एक म्हातारा मिस्त्री आला. त्यानं इंजिनाकडं पाहिलंही नाही. टाकीजवळ थांबला, तिच्या पत्र्यावर हात फिरवला. टाकीची बाहेरची बाजू आत ओढली गेली होती, चांगली तळहाताएवढी खोल. त्यानं भाच्याला झाकण उघडायला लावलं. फुस्स करून हवा आत गेली आणि पत्रा ठप्पदिशी बाहेर आला. म्हातारा हसला म्हणे. “भैया, ढक्कन की साँस किसने बंद की?”

भाच्यानं मला लगेच फोन लावला. “मामाजी, ते ढाकण...” एवढंच म्हणाला आणि थांबला. “तुम्ही” हा शब्द त्यानं काढला नाही. मीही काही बोलू शकलो नाही.

आता हे घडलं कसं ते पाहू. घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. एका कोपऱ्याला भोक पाडलं तर तेल गुटक-गुटक करत थांबून थांबून येतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. हे आपल्या घरच्या बाईला शिकवावं लागत नाही. जेवढं तेल बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला हवी. ट्रकची टाकी म्हणजे तोच डबा. इंजिन डिझेल ओढतं, तेवढी हवा झाकणाच्या भोकातून आत येते. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, फीड पंप ओढून ओढून थकतो आणि इंजिन उपाशी मरतं. टाकी तोंडापर्यंत भरलेली असेल तर हे फार लवकर होतं, कारण आत पसरायला मुळात हवाच थोडी असते. त्यात रात्रीच्या गारव्यानं डिझेल आकसतं आणि पोकळी आणखी वाढते.

माझी खरी लाज वेगळीच आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या झाकणालाही असंच भोक असतं. ते चोंदलं की फवारा तुटतो आणि टाकी चिपते. फवारणीचं प्रात्यक्षिक दाखवताना पहिली गोष्ट मी हीच सांगतो, “दादा, झाकणाचं भोक आधी साफ करा.” अठ्ठावीस वर्षं हे सांगत आलो, आणि ट्रकचं भोक स्वतःच्या अंगठ्यानं बुजवलं.

शिवाय डिझेल सांडत होतं ते भोकाच्या दोषानं नव्हतंच. डिझेल उष्णतेनं फुगतं. ढोबळ हिशेब असा की एका अंशाला हजार लिटरमागं पाऊण लिटरच्या वर. सकाळच्या २५ अंशांच्या गारव्यात ३०० लिटरची टाकी गच्च भरली आणि दुपारी ती ४५ अंशांच्या उन्हात उभी राहिली, तर जवळजवळ पाच लिटर डिझेल जास्तीचं होतं. ते जाणार कुठं? भोकातून नाही तर वायसरखालून बाहेर येणारच. तेव्हा नोजलनं एकदा टिक केलं की थांबायचं. वर “राउंड फिगर” करायला म्हणून अजून कोंबायचं नाही. टाकीचा विसावा हिस्सा तरी रिकामा असू द्या. भाच्याच्या गाडीला एवढंच औषध पुरेसं होतं.

मग भोक रिकामं ठेवलं तर धूळ आणि पाणी जाणार नाही का? जाईल, जर झाकण चुकीचं असेल. चांगल्या झाकणात नुसतं आरपार भोक नसतं. आत वाकडी वाट असते किंवा स्प्रिंग-चेंडूची छोटी झडप असते. ती हवेला आत घेते, पण डिझेल उसळलं किंवा गाडी कलली तर बंद होते. काहींत हवा गाळायला बारीक जाळी असते. बाजारातलं हलकं झाकण बाहेरून अगदी तसंच दिसतं, चकाकतंही जास्त. उलटं करून पाहिलं की आत काही नसतं. नुसता पत्रा आणि एक टोचलेलं भोक, नाही तर भोकही नसतं.

आणि इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, नाही तर माझ्या लेखानं दुसरंच नुकसान व्हायचं. भोक नसलेलं प्रत्येक झाकण सदोष नसतं. पुष्कळ नव्या गाड्यांत टाकीला हवेची नळी वेगळी काढलेली असते. ती टाकीच्या माथ्यावरून निघून चेसीला बांधलेली असते. अशा टाकीचं झाकण मुद्दाम बंदच केलेलं असतं. त्याला भोक पाडलं तर त्यातून पावसाचं पाणी आत जाईल. म्हणून झाकण बदलण्याआधी टाकीच्या माथ्यावर हात फिरवून ती नळी आहे का पाहा. नळी असेल तर तिच्या तोंडाला चिखल लागला आहे का, कुंभारणीनं त्यात घर केलं आहे का, हेही पाहा. कुंभारणीला असं भोक फार आवडतं, मोटारपंपाच्या नळीत तुम्ही पाहिलंच असेल.

झाकण आणायला जाताना जुनं झाकण हातात घेऊन जा. ते हरवलं असेल तर टाकीच्या तोंडाचं आतलं आणि बाहेरचं माप, तोंड आट्याचं आहे की कानांत अडकवून पाव फेरा फिरवायचं आहे, कान किती खोल आहेत, हे सारं कागदावर उतरवून न्या. सोबत गाडीचं मॉडेल आणि साल न्या. “दहा चाकीचं द्या” म्हणून झाकण मिळतं, पण ते बसतंच असं नाही. बसलं तरी अर्धाच फेरा फिरतं, आणि खड्ड्यात आदळून दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडतं. नवं झाकण लावल्यावर ते हातानं वर ओढून, हलवून पाहा. ढिलं नको, आणि पान्यानं उघडावं लागेल इतकं घट्टही नको.

वायसर ट्यूबची कधी कापू नका. ट्यूबचं रबर डिझेल पितं, फुगतं, मऊ होतं आणि पुढं त्याचे तुकडे टाकीत पडतात. माझी वायसर तर त्या दोन दिवसांतच लादीसारखी फुगली होती. तेलाला टिकणारं रबर वेगळं असतं, दुकानात मागितलं की मिळतं. किंमत म्हणाल तर दोन चहांची. दर पावसाळ्याआधी नवी वायसर घातली तरी वर्षाचा खर्च चिल्लरीत राहतो.

नव्या झाकणाची परीक्षा मिस्त्रीनं भाच्याला शिकवली ती अशी. गाडी तासभर चालवायची, थांबवायची आणि हळूच झाकण सैल करायचं. मोठ्यानं फुस्स झालं तर श्वास कोंडला आहे. थोडा उसासा चालतो. भोक साफ करायचं तर झाकण गाडीपासून दूर नेऊन, स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन, सायकलच्या पंपानं हवा मारायची. तार खुपसू नका, झडपेची स्प्रिंग जाते. तोंडानं फुंकायचं तर मुळीच नाही.

आता ट्रॅक्टरवाल्यांनी जरा पुढं सरकून बसावं, कारण झाकणाचे जास्त हाल आपल्याकडेच होतात. डिझेल भरताना झाकण मडगार्डवर ठेवायचं, ते घसरून वखरलेल्या रानात पडायचं आणि मग टाकीच्या तोंडावर पॉलिथिनची पिशवी बांधून हंगाम काढायचा. हे मी निदान शंभर शेतांत पाहिलं आहे. पिशवी घट्ट बांधली तर श्वास कोंडतो, सैल बांधली तर मळणीचा भुसा आत जातो. बोळा कोंबला तर त्याचे धागे आत जातात, मग ते थेट फिल्टरमध्ये. इंजेक्टरच्या आतले भाग एकमेकांत इतके जवळ बसवलेले असतात की त्यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून मोठी नसते. आपल्या काळ्या रानाची धूळ बोटांना पावडरीसारखी लागते, पण त्या फटीत ती कानशीचं काम करते. पाण्याचं तर विचारू नका. डिझेल त्या भागांना वंगणही पुरवतं, पाणी काहीच पुरवत नाही. वर गंज चढवतं.

हे पाणी नुसतं पावसानंच येतं असं नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर दवासारखा धरतो आणि डिझेलखाली जाऊन बसतो, कारण पाणी जड. म्हणून कामावरून आल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, सकाळी नाही. आणि महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पहाटे टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पावशेरभर डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावं. खाली पाणी किंवा शेवाळासारखा चिकटा दिसला तर झाकणाकडे पाहा.

घरी डिझेलचा ड्रम ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना पटत नाही. उभ्या ड्रमच्या माथ्यावर पाऊस साचतो. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा बुचाच्या फटीतून बाहेर जाते. रात्री गार झाला की ड्रम श्वास आत ओढतो, आणि बुचावर पाणी साचलं असेल तर पाणीच ओढतो. बूच घट्ट दिसतं, तरी महिन्यात शेरभर पाणी आत गेलेलं असतं. ड्रम छपराखाली ठेवा. ते जमत नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं आडव्या रेषेत येतील असा. म्हणजे बुचांना आतून डिझेल लागून राहील आणि हवा-पाणी ओढलं जाणार नाही.

अमरावती-अकोला रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, तेव्हा त्या वाटेनं नेहमी जाणाऱ्या गाड्यांच्या झाकणावर बोटभर धूळ असायची. पुढं २०२२ च्या जूनमध्ये त्याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आता तिथं धूळ कमी. पण रस्ता चांगला झाला म्हणून गाड्या ढाब्यावर उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत, आणि ढाब्यावर डिझेल चोरणारेही गेले नाहीत.

चोरीवर उपाय म्हणून कुलपाचं झाकण घेतात. घ्यावं. पण किल्लीच्या छिद्रावर झाकणी असलेलंच घ्या, नाही तर पहिल्याच पावसात कुलूप गंजतं. एक किल्ली ड्रायव्हरजवळ आणि दुसरी घरी देवाजवळ ठेवून काय उपयोग? दुसरी गाडीतच कुठंतरी बांधून ठेवावी. टाकीच्या तोंडात आत बसवायची जाळी मिळते, तिच्यामुळं चोराची नळी आत उतरत नाही आणि कॅनमधून ओतताना कचराही अडतो. मात्र चोर हुशार असला तर तो झाकणाकडे जातच नाही, खालचा बोल्ट काढतो. त्यामुळं गाडी उजेडात आणि टाकीची बाजू भिंतीला लावून उभी करणं हेच मोठं कुलूप.

कुलपासाठी टाकीच्या तोंडाला कडी वेल्डिंग करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. वाचकहो, हे कृपा करून करू नका. टाकी रिकामी केली, धुतली, तरी आत वाफ राहते आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भयंकर. कडी हवीच असेल तर पट्टा आवळून बसवायची मिळते. “डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही” हे थंड मुलखात ठीक आहे. आपल्या देशात डिझेल किमान ३५ अंशांपर्यंत पेट घेण्याइतकी वाफ सोडणार नाही एवढीच प्रमाणाची अट आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याचं तापमान तर त्याहून वर. तेव्हा झाकण उघडं टाकून बिडी ओढणारा ड्रायव्हर कामावर ठेवू नये, मग तो कितीही चांगला गाडी चालवत असो.

त्या खेपेचं काय झालं ते सांगायचं राहिलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझी सील कोरून काढली, ट्यूबची वायसर फेकली, बाजारातून दुसरं झाकण मागवलं. पैसे घेतले ते झाकणाचे आणि चहाचे. गाडी बरेठा घाट एका दमात पार करून गेली आणि दिल्लीला दोन दिवस उशिरा पोचली. वरचा माल बरा होता. खालच्या थरांना पाणी सुटलं होतं. जे मिळालं त्यात शेजारच्या दोन घरांचे पैसे भाच्यानं पुरे दिले, आणि ताईच्या बगीच्याच्या वाट्याला भाडं वजा जाता जवळजवळ काही राहिलं नाही. मी माझ्याकडून काही रक्कम द्यायला गेलो. ताईनं घेतली नाही. “तू का मुद्दाम केलं का?” म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. मला तो चहा गेला नाही.

२०२४ मध्ये भाच्यानं जुना ट्रक विकून नवा घेतला. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-सहाच्या, तशीच ही. या मोठ्या गाड्यांना बहुधा दोन झाकणं असतात. एक डिझेलचं आणि दुसरं निळं. निळ्याखाली धूर साफ करायचं पाणी असतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं “युरिया” म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रात्री पंपावर झोपाळू पोरानं निळ्या टाकीत डिझेल ओतलं, किंवा डिझेलच्या टाकीत ते पाणी ओतलं, तर लाखाच्या घरातला खर्च निघतो. चूक लक्षात आली तर किल्ली फिरवूसुद्धा नये. गाडी सुरू केली नाही तर टाकी रिकामी करून, धुऊन भागतं. सुरू केली की पंप ते सगळीकडं पोचवतो. निळ्या झाकणाभोवती पांढरी खर धरते, ती स्वच्छ पाण्यानं पुसून काढावी, झाकण उघडण्याआधी.

एक दिवस भाच्यानं विचारलं, “मामाजी, ते पाणी महाग पडते. आपल्या घरी युरियाची बॅग हाय, पाण्यात घोळून टाकली तर?” वाचकहो, इतक्या वर्षांत त्या गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला. मी म्हटलं, नाही. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निंबोळी तेलाचा थर दिलेला येतो. ते तेल आणि त्यातले बाकीचे क्षार त्या धुराच्या यंत्रातली जाळी कायमची बुजवतील, आणि ती जाळी सगळ्यात महागडी. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणखी वर. शिवाय अनुदानाचा युरिया पिकासाठीच आहे, तो दुसरीकडं वापरणं गुन्हा आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे आणि तो दाखवायला मला कपाट उघडावं लागत नाही. हे गावात कुणी विकत असेल तर घेऊ नका. गाडीही जाते आणि हंगामात युरियाही मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. गाडी परतवाड्याला उभी होती. “मामाजी, नव्या टाकीच्या झाकणापाशी ओल दिसून राह्यली. काही लावू का?”

मी म्हटलं, “काही लावू नको. आधी सांग, टाकी कुठवर भरली?”